साडेअकराची बाई

"पा. पा. पाणी. माझ्याकडे बघ, राणी. पा-णी."

चहाचा कप तोंडाशी नेलेला, तो तसाच हातात राहिला. गच्चीवरच्या माझ्या खोलीत, टेबलावरच्या यंत्रातून बाईचा आवाज येत होता, आणि तोही भिंतीपलीकडून यावा इतका स्वच्छ. पाणी झालं, मग पापड झाला. मग बराच वेळ नुसती खुर्ची सरकल्याची खरखर, आणि पुन्हा तीच बाई म्हणाली, "ओठ मिट, आणि सोड. शाब्बास." समोरून उत्तर मात्र कुणाचंच नाही. लांबून एखादा हुंकार यायचा, तो मांजराचा की माणसाचा ते कळायला मार्ग नव्हता.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या वायरलेसवर गेली. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या केंद्रांकडून पाऊस किती झाला, धरणात पाणी किती चढलं, ते ऐकायचं आणि पुढं कळवायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची, म्हणजे ऐकणाऱ्याची चूक होत नाही. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलं तेव्हा मस्कतच्या भाच्यानं मला एक स्कॅनर आणून दिला. हातात मावेल एवढं यंत्र. ते आपलं आपण एकेक लहर चाचपत जातं आणि कुठं कुणी बोलताना सापडलं की तिथं थांबतं. मी गच्चीवर नळाच्या पाइपला एरियल बांधली आणि माझा दिवस मजेत जायला लागला. वरून जाणाऱ्या विमानांचे पायलट ऐकू यायचे. एकदा मंगल कार्यालयातल्या भटजींचा माईक सापडला आणि मुलीच्या मामांना कुणीतरी उठवा, ते आत झोपलेत, हे मी घरबसल्या ऐकलं. मालनला, म्हणजे माझ्या बायकोला, या सगळ्याचा उपयोग एकच वाटायचा: एरियलच्या पाइपला बांधलेल्या दोरीवर कपडे चांगले वाळतात.

ही बाई मात्र रोज सापडायला लागली. साडेअकराला सुरू व्हायची, तासाभरानं बंद. रविवारी सुट्टी. आम्ही घरात तिचं नावच ठेवलं, साडेअकराची बाई. रात्री जेवताना मी तिची नक्कल करायचो, ओठ मिटून, गाल फुगवून. मालन म्हणायची, कुणीतरी बिचारी येडी असंल, आणि तुम्ही या वयात परक्या बाईचा आवाज ऐकत बसता, ते काय शोभतं का. माझा मुलगा हेमंत म्हणायचा, नाटकात काम करणारी असेल, उच्चारांचा सराव करत असेल. मी म्हणायचो, बालवाडीच्या बाई असतील. आम्ही तिघं तीन बाजूंनी बोलायचो आणि आमटी गार व्हायची.

आमच्या घराचं हे असंच. बोलायला जागा मिळवायची तर एसटीत टाकतात तसा आधी रुमाल टाकावा लागायचा. आमची सून वैजयंता, म्हणजे वैजू, फलटणची, कमी बोलणारी. ती कधी रुमाल टाकायची नाही. तिनं वाक्य सुरू केलं की ते पुरं आमच्यापैकी कुणीतरी करायचं, आणि बहुतेक वेळा चुकीचं करायचं.

आणि अशा या घरात केतकी बोलत नव्हती. माझी नात. तिसरं वर्ष संपत आलं तरी एक शब्द नाही. हसायची, रुसायची, हाताला धरून हवं तिथं ओढत न्यायची, पण तोंडातून आई नाही की बाबा नाही. मालननं गल्लीतल्या एका घरचा पोपट गाठला होता. पोपटानं टोचलेला पेरू ती रोज पदराआड घेऊन यायची आणि केतकीला भरवायची, म्हणजे वाचा फुटते. हेमंत म्हणायचा, मीही चौथ्या वर्षी बोललो, आणि ते खरं होतं. पहिला शब्द 'भजी' होता, तोही मला आठवतो. वैजूनं एकदा विषय काढला होता की, एकदा डॉक्टरांना दाखवूया, तर मालननं तिला हेमंतची गोष्ट सांगितली, हेमंतनं स्वतःची गोष्ट सांगितली आणि मी सांगितलं की पोरगी हुशार आहे, तू जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

माझ्याकडे पुरावाच होता ना. केतकी रोज जिना चढून माझ्या खोलीत यायची, मांडीवर बसायची आणि तळहात यंत्राच्या जाळीवर दाबून धरायची. आतून आवाज आला की खुदकन हसायची, थांबला की माझ्या तोंडाकडे बघायची. मी सगळ्या कॉलनीला सांगत सुटलो होतो की घराण्यात वायरलेसची परंपरा पुढं चालवणार ती ही पोरगी.

एका रात्री जेवताना मी पुन्हा त्या बाईची नक्कल केली. सगळे हसले. वैजू वाढत होती, ती थांबली.

"अण्णा, ते कुठवर ऐकू येतं हो?"

माझ्या यंत्रात तिनं रस घेतला तो पहिल्यांदाच. मला कोण आनंद. मी तिला सांगितलं की बाईचा माईक फार ताकदीचा नसणार, म्हणजे ती इथंच कुठं तरी एक-दोन गल्ल्यांत असणार, आणि आपल्या एरियलमुळं फक्त आपल्याला ऐकू येते.

"आणि तुम्ही इथून बोललात तर तिला ऐकू जाईल?"

"छे. हे नुसतं ऐकायचं यंत्र. आपण काही बोलू शकत नाही."

तिनं बरं म्हटलं आणि माझ्या पानात भात वाढला. मी नको म्हणत होतो, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

दसरा होऊन गेल्यावरची गोष्ट. साडेअकराची शिकवणी संपली, कुठंतरी घंटा झाली, खुर्च्या सरकल्या. एरवी इथं आवाज तुटायचा आणि यंत्र पुढच्या लहरीवर जायचं. त्या दिवशी तुटला नाही. नळाचं पाणी वाजलं, माईकवर पदर घासला. मग दुसरी एक बाई बोलली.

"बाई, थोडं बोलायचं होतं."

आवाज वैजूचा होता. मला तो पटेना. वैजू तर केतकीला घेऊन शिवणक्लासला गेली होती, रोजच्यासारखी. चार-पाच महिने झाले होते क्लासला, आणि मालनची कुरकुर चालू होती की एवढ्या दिवसांत साधी उशीची खोळ घरात आली नाही.

"बोल की. बस अशी," साडेअकराची बाई म्हणाली. "केतकीचा 'पा' ऐकलास ना आज?"

"ऐकला."

"मग आता मशीन घरी ने. वैजयंता, किती वेळा सांगू तुला? इथं तासभर कानात मशीन आणि उरलेला दिवस ते माझ्या कपाटात, अशानं पोरीला भाषा यायची नाही. सकाळी डोळे उघडले की घालायचं, झोपताना काढायचं. तिचं शिकायचं वय हेच आहे. हे हातचं गेलं तर पुढं मी कितीही घसा फोडला तरी निम्मंसुद्धा हाती लागायचं नाही."

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. खात्यात आमचा एक दंडक होता की आपल्यासाठी नसलेला निरोप कानावर आला तर सोडून द्यायचा, पुढं ऐकायचा नाही. हात बटणापर्यंत गेलाही. पण बटण फिरवलं नाही.

"घरी कुणाला ठाऊकच नाही, बाई," वैजू सांगत होती. "पुण्याला कान तपासले तेव्हा मी माहेरी आहे असं सांगितलं होतं. मशीन माझ्या वडिलांनी घेऊन दिलं."

"का पण? माणसं वाईट आहेत का?"

"नाहीत, तेच तर. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. आई रोज तिच्यासाठी पेरू आणतात. हे म्हणतात, मीसुद्धा उशिराच बोललो. मी तोंड उघडलं की सगळे मला धीर देतात. इतका धीर देतात की माझं बोलणं राहूनच जातं."

"आणि सासरे?"

आवाज तुटला की काय म्हणून मी यंत्र हातात घेतलं.

"अण्णा तर सगळ्यांत चांगले. म्हणूनच अवघड आहे. केतकी त्यांच्या रेडिओवर हात ठेवते. तिला त्यातलं काही ऐकू येत नाही, हाताला थरथर लागते म्हणून ठेवते. आणि ते सगळ्या कॉलनीला सांगतात, नात माझ्यावर गेली. त्यांना मी हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग काय करणार आहेस?"

"दिवाळीला फलटणला जाईन ती परत यायची नाही. तिथं तिला दिवसभर मशीन घालता येईल."

"आणि शिकवणार कोण? वैजयंता, घर सोडून, शाळा सोडून?"

"तुम्ही दाखवलंय तेवढं मी शिकवीन."

"घरातल्या एका माणसाला तरी सांगून बघ. एक बाजूला आला तरी पुष्कळ झालं."

"कुणी एकानं पुरतं ऐकून घेतलं असतं, तर मी कशाला गेले असते, बाई?"

यानंतर कप ठेवल्याचा आवाज आला, बाई 'अगं, हे चालूच राहिलंय वाटतं' असं काहीतरी पुटपुटली आणि आवाज तुटला. यंत्र पुढच्या लहरीवर गेलं.

मी किती वेळ बसून होतो कुणास ठाऊक. मला राग आला नव्हता. लाज वाटली असंही म्हणवत नाही, ती पुढं वाटली. मला आधी आठवला तो लांबचा हुंकार. महिनाभर मी चहा पीत ऐकत होतो आणि ज्या पोरीला ती बाई शाब्बास म्हणत होती ती माझीच नात होती.

थोड्या वेळानं दोघी घरी आल्या. वैजू पिशवी टांगून स्वयंपाकाला लागली. केतकी नेहमीसारखी जिना चढून वर आली. मी तिला खाली गादीवर बसवलं, तिच्यापुढं ठोकळे ठेवले आणि तिच्या पाठीमागं यंत्राचा आवाज अगदी पुरा केला. दोन लहरींच्या मधली ती खरखर, कानाचे पडदे फाटतील अशी. केतकी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. गादीमुळं थरथरही पोचत नव्हती, नाहीतर मी आणखी काही दिवस फसलो असतो. मी पुढं होऊन तिच्या खांद्याला हात लावला तशी ती वळली, हसली, आणि यंत्र दिसताच दोन्ही तळहात जाळीवर ठेवले. मी तिला पोटाशी धरून रडलो, ते तिला काही कळलं नाही. ती माझ्या गळ्यावर हात ठेवून बघत होती. तिथंही थरथर होती.

"काय चाललंय काय? बहिरे झालात का?" मालन जिन्यातूनच ओरडत वर आली.

मी यंत्र बंद केलं आणि केतकीला पुन्हा ठोकळ्यांपुढं बसवलं. मी ऐकलंय असं सांगितलं तर वैजू शरमेनं त्याच दिवशी फलटण गाठेल, आणि नाही सांगितलं तर दिवाळीला गाठेल. तिनं काही लपवलं हे बाहेर न येता घराला कळायला हवं होतं. मी मालनला म्हटलं, इथं उभी राहा, आणि केतकीला हाक मार. अशीच, पाठीमागून.

मालनची हाक म्हणजे गल्लीच्या टोकाचा भाजीवाला थांबतो. तिनं एकदा मारली, दोनदा मारली. म्हणाली, खेळात गुंगलीये. मी म्हटलं, जा, स्टीलचं ताट आणि पळी घेऊन ये. ती बडबडत गेली, घेऊन आली आणि केतकीच्या डोक्यामागं ताट बडवायला लागली. खालून वैजू धावत आली आणि दारातच थांबली. ताट वाजतंय, मी बघतोय, मालन वाजवतेय, आणि मध्ये ती एवढीशी पोर ठोकळ्यांचा बंगला बांधतेय.

मालनचा हात हळूहळू थांबला. ती ताट मांडीवर घेऊन खालीच बसली.

मी वैजूकडे वळलो. "वैजू, पोरीला ऐकू येत नाही. तिला कुठं न्यायचं, तुला काही ठाऊक आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, फार वेळ. मग म्हणाली, "आहे ठाऊक, अण्णा."

आणि तिनं सगळं सांगितलं, पुणं, मशीन, पिठाच्या गिरणीमागची ती शाळा, शिकलगार बाई. सांगून होईपर्यंत आम्ही दोघंही मधे बोललो नाही, आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं असावं. मालननं डोळ्याला पदर लावला होता. मला वाटलं, आता ही म्हणेल, सासूपासून लपवलंस. ती म्हणाली, "तरीच म्हनलं, शिवणक्लासातनं एक खोळ कशी शिवून येत न्हाई." आणि वैजू आधी हसली, मग मालनच्या मांडीत तोंड घालून रडली.

हेमंतला संध्याकाळी मालननंच सांगितलं. तो वैजूला एकच वाक्य म्हणाला, पुण्याला मला का नाही नेलंस, आणि मग केतकीला घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. दिवाळीला वैजू फलटणला गेली खरी, पण भाऊबीज करून परत आली.

त्या आधी, ताट वाजवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही सगळे शाळेत गेलो. मूकबधिर मुलांची ती शाळा मी रोज ओलांडून जात होतो, फाटकावरची पाटी कधी वाचली नव्हती. शिकलगार बाई ठेंगण्या, केसांत पांढरं, आणि गळ्यात दोरीला छोटा माईक, त्यात बोललेलं बिनतारी थेट मुलांच्या कानातल्या मशीनमध्ये जायचं. त्या 'या' म्हणाल्या आणि मी हात जोडले, कारण त्यांचा आवाज मी घरच्यासारखा ओळखत होतो आणि ते सांगता येत नव्हतं. त्यांनी केतकीच्या दोन्ही कानांत मशीन बसवलं, तिला आमच्याकडे पाठ करून बसवलं, गळ्यातला माईक काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हाक मारा.

सगळा जन्म माईकवर गेला होता, पण अशी हाक कधी मारली नव्हती. मग सवयीनं दोनदाच निघालं. "केतकी. केतकी."

ती वळली. पाठमोरी बसलेली माझी नात माझ्या हाकेला वळली, आणि आवाज कुठून आला ते शोधत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागली. मालन शाळेच्या भिंतीला टेकली. मला त्या क्षणी कुणाचे पाय धरू आणि कुणाचे नको असं झालं होतं. निघताना मी बाईंना एवढंच म्हणालो की तास झाला की माईकचं बटण आठवणीनं बंद करत जा, उगीच बॅटरी उतरते.

केतकी आता पुण्यात नोकरी करते. बोलते, आणि लागली बोलायला की थांबत नाही, त्या बाबतीत ती आजीवरच गेली. काही शब्द तिचे बसके येतात, आम्हाला तो बसकेपणा ऐकूही येत नाही आता. शिकलगार बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. मालननं त्यांना साडी नेसवली आणि भाषण मला करायला सांगितलं. मी त्यांचे आभार मानले, मनापासून मानले, पण ऐकल्याची गोष्ट पोटातच ठेवली. वाटायचं, सुनेची अब्रू आपण राखली, तर ती शेवटपर्यंत राखावी. थोडा अभिमानही होता त्याचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या दिवाळीत माळ्यावरची साफसफाई चालली होती. हेमंतनं स्कॅनर खाली काढला. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. हेमंत म्हणाला, भंगारात देऊन टाकू. वैजूनं त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं आणून ठेवला. हेमंत शिडी घेऊन बाहेर गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही ऐकत होता ना?"

मी स्कॅनरचं बटण उगीच फिरवत बसलो.

"बाईंच्या माईकवर लाल दिवा होता. चालू असला की लागायचा. त्या विसरल्या होत्या. माझ्या समोरच होता तो, मला दिसत होता."

मला कळायला जरा वेळ लागला. वायरलेसवर आख्खी नोकरी केलेला माणूस, आणि हा निरोप कुणासाठी होता ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

"अगं, मग घरातच का नाही सांगितलंस मला? मी काय तुला खाल्लं असतं?"

ती हसली. "घरात सांगितलं असतं तर तुम्ही मला धीर दिला असता. तिथनं तुम्हाला मधे बोलताच येणार नव्हतं."